विश्लेषण : जाहिरात नसताना केलेल्या अर्जावर नोकरी मिळते का?

चाकण, रांजणगाव किंवा वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत सकाळी फेरफटका मारला, तर कंपनीच्या गेटवर सुरक्षारक्षकाच्या हाती बायोडेटा देऊन जाणारे तरुण दिसतात. जाहिरात नाही, बोलावणे नाही, आत ओळखीचे कोणी नाही. अशा अर्जांचा उपयोग होतो का, आणि कुठे होतो?

जागा जाहिरातीआधीच कशा भरतात?

कोणी राजीनामा दिला किंवा नवी ऑर्डर मिळाली, की माणूस हवा आहे हे आधी त्या विभागाच्या प्रमुखाला कळते. त्यानंतर वरिष्ठांची मंजुरी, मनुष्यबळ विभागाची प्रक्रिया आणि मग जाहिरात. मधल्या काळात कोणाचा तरी भाचा किंवा जुना सहकारी पुढे येतो आणि जाहिरात निघतच नाही. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७४ मध्ये ‘गेटिंग अ जॉब’ या पुस्तकात बोस्टनजवळच्या न्यूटन शहरातील तांत्रिक, व्यावसायिक आणि व्यवस्थापकीय नोकरदारांचा अभ्यास मांडला. त्यातील सुमारे ५६ टक्के लोकांना नोकरी ओळखीतून मिळाली होती. जाहिरात, एजन्सी अशा औपचारिक मार्गाने सुमारे १९ टक्के आणि थेट अर्ज करून जवळपास तितक्याच जणांना. आकडे जुने आणि परदेशातले आहेत. पण ज्याचा कुणी मामा-काका कंपनीत नाही, त्याच्यासाठी थेट अर्ज हा जाहिरातीइतकाच मोठा दरवाजा होता, एवढे त्यातून नक्की दिसते. ‘८० टक्के नोकऱ्या छुप्या असतात’ हे करिअर मार्गदर्शनाच्या व्याख्यानांत हमखास येणारे वाक्य मात्र जपून घ्यावे. त्यामागची मोजणी क्वचितच दाखवली जाते.

कायद्याचा आधार कुठे मिळतो?

शिकाऊ उमेदवारीत. १९६१ च्या अॅप्रेंटिस कायद्याखालील नियमांनुसार ३० किंवा अधिक मनुष्यबळ असलेल्या आस्थापनांना, कंत्राटी कामगार धरून, एकूण मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे. म्हणजे आयटीआय, पदविका किंवा पदवी झालेल्या मुलाने ‘काही काम आहे का?’ असे विचारण्याऐवजी ‘फिटर ट्रेडमध्ये अॅप्रेंटिस घेता का?’ असे विचारले, तर समोरच्यालाही एक संख्या भरायची असते. स्टायपेंड बेताचाच असतो आणि पुढे कायम करण्याचे बंधन कंपनीवर नसते. तरीही आत असलेल्याला रिकामी होणारी जागा आधी कळते, आणि बाहेरच्याची अडचण नेमकी तीच असते.

सरकारी कार्यालयांत असा अर्ज चालतो का?

नाही. संविधानातील अनुच्छेद १४ आणि १६ नुसार सरकारी नोकरीत सर्वांना समान संधी द्यावी लागते. ‘कर्नाटक राज्य विरुद्ध उमादेवी’ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने एप्रिल २००६ मध्ये स्पष्ट केले, की खुली स्पर्धा टाळून झालेल्या हंगामी नेमणुकांतून कायम होण्याचा हक्क निर्माण होत नाही. त्यामुळे ‘साहेबांपर्यंत अर्ज पोहोचवतो, थोडा खर्च येईल’ असे सांगणारा एक तर फसवत असतो किंवा लाच मागत असतो. खासगी कंपनीच्या नावाने ‘नोंदणी शुल्क’ मागणाऱ्यांपासूनही तितकेच सावध राहावे.

अर्जात काय असावे?

लिओनार्दो दा विंची याने १४८२ च्या सुमारास मिलानचा शासक लुडोविको स्फोर्झा याच्यासाठी लिहिलेल्या अशाच पत्राचा मसुदा आजही उपलब्ध आहे. त्यात वाहून नेता येणारे पूल, तोफा, वेढ्याची यंत्रे असे मुद्दे ओळीने येतात आणि चित्रकला अगदी शेवटी. लुडोविकोला युद्धाची चिंता होती, हे लिओनार्दोला ठाऊक होते. आपल्याकडचे बहुतेक अर्ज इथेच घसरतात. ‘मेहनती व प्रामाणिक’ ऐवजी कोणत्या मशीनवर किती महिने काम केले, रात्रपाळी चालेल का, कधीपासून रुजू होता येईल, हे एका पानात लिहावे. शक्यतो विभागप्रमुखाच्या नावे पाठवावे आणि आठवड्या-दहा दिवसांनी एकदा फोन करावा. आधार, पॅन किंवा बँक खात्याचा क्रमांक बायोडेटात देऊ नये. पन्नास कंपन्यांचे पत्ते दिसतील असा एकच ई-मेल तर मुळीच नको.

परदेशात याची पद्धत आहे का?

जर्मनीत अशा अर्जाला ‘इनिशियाटिव्हबेवेर्बुंग’ असे रूढ नाव आहे आणि अनेक कंपन्यांच्या संकेतस्थळांवर त्यासाठी वेगळी सोय असते. कुशल मनुष्यबळासाठी महाराष्ट्राने २०२४ मध्ये बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी करार केल्यापासून इकडे जर्मनीविषयी चौकशी वाढली आहे. जून २०२४ पासून तिथे ‘चान्सेनकार्टे’ मिळते. पात्र उमेदवार त्यावर एक वर्षापर्यंत राहून नोकरी शोधू शकतो आणि त्या काळात आठवड्याला २० तास काम करू शकतो. परिचारिकेसारख्या व्यवसायांत मात्र पदवीला तिथली मान्यता आणि जर्मन भाषेचे प्रमाणपत्र नसेल, तर कितीही चांगला अर्ज पुढे सरकत नाही.