तिकिटात आपण नेमकं काय विकत घेतो?

मागच्या व्याख्यानानंतर एका बाईंनी मला गाठून विचारलं, "सर, तिकीट काढून कासला गेलो, तर फुलं नावालाच होती. पैसे परत मागावेत का?" प्रश्न थोड्या रुपयांचा वाटतो, पण त्याच्या तळाशी एक जुना प्रश्न आहे : आपण पैसे दिले ते कशाचे? आज तेवढंच बघू.

कास पठार साताऱ्यापासून सुमारे २५ किलोमीटरवर आहे. जांभ्या खडकावर मातीचा पातळ थर, आणि पावसाळ्याच्या शेवटी त्यावर तेरडा, सोनकी, सीतेची आसवं, गेंद. कुठल्या आठवड्यात काय फुलेल, हे ऊन-पाऊस ठरवतात. २०१२ साली पश्चिम घाट युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला, त्यात कासही होतं. गर्दी वाढली, फुलं पायाखाली जाऊ लागली. म्हणून शुल्क आलं, रोजच्या संख्येला मर्यादा आली, ऑनलाइन बुकिंग आलं.

आता बाईंचा प्रश्न. रोमन कायदेपंडितांनी कोळ्याच्या जाळ्याचं उदाहरण दिलंय. जाळं पाण्यात पडण्याआधीच एकजण म्हणतो, 'या खेपेला येईल ते माझं,' आणि किंमत ठरवतो. जाळं रिकामं आलं तरी त्याला पैसे द्यावेच लागतात, कारण त्यानं मासे घेतलेच नव्हते, आशा घेतली होती. कासचं तिकीट याच जातीचं. बहर कमी होता म्हणून परतावा मागता येत नाही. मात्र एखाद्या आयोजकानं 'या तारखेला पूर्ण बहर' असं छातीठोक सांगून तिकीट विकलं असेल, तर त्यानं आशा नाही, मासेच विकले. मग त्यानं पैसे परत करायला हवेत.

आणि कोळ्यानं जाळं टाकलंच नाही तर? म्हणजे प्रवेशच बंद झाला तर? १९०२ साली लंडनमध्ये सातव्या एडवर्डचा राज्याभिषेक होता. मिरवणूक दिसावी म्हणून हेन्री नावाच्या गृहस्थानं क्रेल यांच्या खोल्या दोन दिवसांसाठी घेतल्या. राजा आजारी पडला, मिरवणूक पुढे गेली. खोल्या होत्या, खिडक्या होत्या, पण ज्यासाठी त्या घेतल्या ते उरलं नाही. १९०३ साली न्यायालयानं ठरवलं, राहिलेलं भाडं देणं लागत नाही. आपल्याकडे १८७२ च्या करार कायद्यातलं कलम ५६ अशाच अशक्य झालेल्या करारांबद्दल आहे, आणि करार असा निरर्थक ठरला तर घेतलेला लाभ परत करावा, असं कलम ६५ सांगतं. तेव्हा दार आयोजकांनी बंद केलं, तर पैसे परत किंवा दुसरी तारीख, यात उपकार काही नाही.

तिसरा प्रसंग अवघड, कारण त्यात चूक माझी आहे. एका वर्षी आमची तिकिटं काढलेली होती. आदल्या संध्याकाळी सौ.ना ताप भरला. मी हिशेब केला : रद्द करून हातात काय पडणार? जाऊ दे. फोन बाजूला ठेवला नि झोपलो. पैसे माझेच बुडाले, त्यात कुणाचं काय गेलं, असं वाटलं.

पण गेलं. संख्या मर्यादित असते तिथे तिकीट म्हणजे एक जागा. त्या दिवसाच्या दोन जागा मी अडवल्या आणि रिकाम्या ठेवल्या. कुणीतरी 'बुकिंग फुल्ल' वाचून बेत मोडला असेल.

म्हणूनच तारीख बदलायला किंवा रद्द करायला मुदत असते. मुदतीत कळवलं तर जागा दुसऱ्याला देता येते, नंतर ती वाया जाते. पैसे किती परत मिळतील, हे ज्या त्या ठिकाणच्या नियमांत असतं, ते बुकिंगआधी वाचावं. पण परतावा शून्य असला तरी कळवावं. पैसे माझे होते, मंडळी. तो दिवस एकट्या माझा नव्हता.