बोळा कानात टिकत नाही? आधी साईझ बघा

मंडळी, 31 जुलैला बंदी संपते. मालीम, कुटबण, शापोऱ्याच्या ट्रॉलरांची तयारी सुरू आहे. जाळी, दोर, बर्फ, डिझेल सगळं यादीत असतं, पण इंजिनजवळ बसणाऱ्याच्या कानाचं काय?

शेजारच्याशी बोलायला ओरडावं लागतं, तिथे आवाज 85 डेसिबलच्या वर गेलाच समजा. 85 ला कान साधारण 8 तास सोसतो. पुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मा होतो. 100 ला जेमतेम 15 मिनिटं! गेलेलं ऐकू येणं परत येत नाही.

मालक फोमचे इअरप्लग आणून देतात, पण काही खलाशी तासाभरात काढून टाकतात. "दुखतंय" म्हणतात. ते नाटक नव्हे. कानाची नळी बारीक असेल तर जाड बोळा आतून दाबत राहतो, नाहीतर सरकून बाहेर येतो. पोरसवदा खलाशांना आणि बायकांना हे जास्त होतं. एकाच माणसाचे दोन कानही सारखे नसतात.

तेव्हा एकाच साईझचा डबा घेऊ नका. पाकिटावर 'स्मॉल' लिहिलेले, पुढे निमुळते, मऊ पॉलियुरेथेनचे घ्या. सरळ नळकांड्यासारखे कडक फोमचे बारीक कानाला त्रास देतात. पाकिटावरचा मोठा आकडा बघून भुलू नका. नीट न बसलेल्या 33 पेक्षा नीट बसलेला 25 चा बरा.

घालायचं असं: हात धुवा (खवले, डिझेल कानात नको). बोळा वळून वातीसारखा बारीक करा, सुरकुती पडू देऊ नका. दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर-मागे ओढा, बोळा आत सारा आणि बोटाने अर्धा मिनिट धरून ठेवा. आपलाच आवाज घुमल्यासारखा वाटला की बसला. काढताना हळू पिळत काढा. हिसका दिला तर पडदा दुखावतो.

लांब वाटतो म्हणून कात्रीने कापू नका, आत अडकतो. विंचजवळ दोरीवाले नकोत. कान वाहत असेल तर बोळा नको, आधी डॉक्टर. आणि सुकाणूवर, वॉचवर असताना बोळे काढा. तांडेलाची हाक आणि व्हीएचएफ ऐकू आलंच पाहिजे.

स्मॉलही दुखत असतील तर बाहेरून लावायचे इअरमफ घ्या. उकाडा होतो खरा, पण इंजिनच्या खोलीत जाऊन येण्यापुरते चालतात.