अभ्यास गटाचा सल्ला, ग्रामसभेचा निर्णय

ग्रामपंचायत ही निवडून आलेल्या सदस्यांची संस्था असते, तर ग्रामसभा म्हणजे गावाच्या मतदारयादीतील सर्व स्त्री-पुरुषांची सभा. चंद्रपूर आणि गडचिरोली या वनजिल्ह्यांत हे अंतर फार मोलाचे ठरते, कारण येथील अनेक लहान गावे आणि टोले गटग्रामपंचायतीत, म्हणजे अनेक वस्त्यांच्या एकत्रित पंचायतीत, सामावलेले असून तेथे एकेका वस्तीचा आवाज सहज दबून जातो. अशा वस्तीचे म्हणणे शासनापुढे कोणी आणि कोणत्या अधिकाराने मांडावे, या प्रश्नाचे सर्वांत विचारपूर्वक उत्तर धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाने दिले आहे.

१९८० च्या दशकात इंचमपल्ली आणि भोपालपट्टणम या नियोजित धरणांविरुद्ध उभ्या राहिलेल्या ‘जंगल बचाव, मानव बचाव’ आंदोलनातून जागे झालेल्या या गावाने, देवाजी तोफा यांच्या पुढाकाराने आणि चंद्रपूरच्या ‘वृक्षमित्र’ संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल यांच्या साथीने, अभ्यास गटाची पद्धत रुजवली. अभ्यास गटात ज्याला इच्छा असेल तो बसतो, बाहेरच्या जाणकारालाही बोलावले जाते, आणि कायदा, जंगल, दारूबंदी अशा विषयांची उलटसुलट चर्चा होते. परंतु गट निर्णय घेत नाही. निर्णय ग्रामसभाच घेते, आणि तोही बहुमताने नव्हे तर सर्वसहमतीने, म्हणजे एकाचाही विरोध असेल तर त्याचे समाधान होईपर्यंत चर्चा चालू ठेवून. या पद्धतीला वेळ लागतो, हे खरे. पण अशा चर्चेतून आलेला ठराव घेऊन जाणारा माणूस स्वतःचे मत नव्हे, तर सगळ्या गावाचे मत सांगत असतो, आणि हीच या पद्धतीची खरी ताकद आहे. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा याच गावाची.

२००६ च्या वनहक्क कायद्याने सामूहिक वनहक्काचा दावा मांडण्याचा अधिकार ग्रामसभेला दिला, तेव्हा मेंढ्याची तयारी आधीच झालेली होती, आणि २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावरील हक्क गावाला मिळाला. तरीही बांबूच्या वाहतुकीचा परवाना वनविभागाच्याच हाती राहिल्याने हा हक्क अपुरा होता. २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेकडे आले. चंद्रपूर जिल्ह्यात गोंडपिपरी तालुक्यातील पाचगावनेही आपल्या जंगलाचा कारभार ग्रामसभेमार्फत चालवला आहे.

जंगलावर असा अधिकार मिळाला, मात्र आदिवासीबहुल अनुसूचित क्षेत्रासाठीच्या १९९६ च्या पेसा कायद्यात प्रकल्पांसाठीच्या भूसंपादनापूर्वी फक्त ‘सल्लामसलत’ सांगितली आहे, आणि ग्रामसभेचे म्हणणे ऐकून बाजूला सारण्याची सोय या तरतुदीत उरते. म्हणून जिल्हा प्रशासनाने ठरावाची मागणी करताना प्रकल्पाची कागदपत्रे मराठीत आणि गोंडीत समजावून द्यावीत, गावाला अभ्यासासाठी पुरेसा वेळ द्यावा, आणि ग्रामसभेचा सल्ला मानला नाही तर त्याची कारणे लेखी कळवावीत.