थंड देशांतील घरचा कारखाना

आपल्याकडील सुताराला कामासाठीं निराळी खोली लागत नाहीं. उन्हाळ्यांत तो झाडाखालीं बसतो, पावसाळ्यांत पडवींत सरकतो, आणि हिंवाळ्यांत तर अंगणांतील कोवळ्या उन्हांत त्याचा रंधा अधिकच उत्साहानें चालतो. कामाची जागा तापवावी लागते ही कल्पनाच त्यामुळें आपणांस प्रथम विचित्र वाटते. परंतु अमेरिकेंतील मिनेसोटा राज्यांत जानेवारीच्या रात्रीं पारा शून्याखालीं दहा-पंधरा अंश उतरणें ही नित्याची गोष्ट आहे, व कॅनडांतील विनिपेग शहरीं तो त्याहूनही खालीं जातो. आज महाराष्ट्रांतील पुष्कळ कुटुंबांतील मुलेंबाळें त्या मुलखांत संसार थाटून आहेत. तेथें मजुरी महाग असल्यामुळें मोडकी खुर्ची, पुस्तकांचें कपाट, मुलांचा पाळणा अशीं कामें गृहस्थ स्वतःच करतो, आणि कित्येकांस त्यांचा छंदच जडतो. त्यांच्या ह्या घरगुती कारखान्यास थोड्या खर्चांत ऊब कशी आणावी, हें आम्ही येथें सांगणार आहों. विषय दूरचा दिसला तरी त्यांतील शास्त्र शाळेंतल्या उष्णतेच्या धड्यांतलेंच आहे. आणि त्यांत एक धोका असा आहे कीं, तो ठाऊक नसल्यामुळें आपल्या देशांतही हिंवाळ्यांत माणसें प्राणास मुकतात.

तिकडे बहुधा घराला लागूनच मोटार ठेवण्याची एक खोली असते. तिला गॅरेज म्हणतात. शनिवार उजाडला कीं मोटार बाहेर काढावयाची व रिकाम्या जागेंत भिंतीलगतच्या टेबलावर काम मांडावयाचें, अशी पुष्कळांची रीत आहे. राहत्या घरास उबेची सर्व सोय असते. परंतु ही खोली बांधणाऱ्यानें मोटारीसाठीं बांधलेली, माणसासाठीं नव्हे. भिंती पातळ, जमीन उघड्या सिमेंटची, आणि एका बाजूस भिंतीऐवजीं एकच भलेंमोठें पत्र्याचें दार. अशा जागेंत बोटें बधिर होऊन पटाशी हातांत ठरत नाहीं, आणि बधिर हातानें यांत्रिक करवतीपाशीं उभें राहणें म्हणजे बोट गमावण्याचीच तयारी होय. शिवाय लांकूड जोडण्याचा पांढरा गोंद सुमारें १० अंश सेल्सिअसच्या खालीं नीट धरत नाहीं. तो खडूसारखा भुसभुशीत होऊन सांधा सुटतो. पाण्यांत कालवलेले रंग एकदां गोठले म्हणजे बहुधा वायाच जातात.

अशा वेळीं गृहस्थ बाजारांत जाऊन विजेची शेगडी आणतो. आमचें म्हणणें असें कीं, शेगडी आणण्यापूर्वीं त्यानें त्या दाराकडे पाहावें. दोन मोटारींच्या गॅरेजाचें दार सामान्यतः १६ फूट रुंद व ७ फूट उंच, म्हणजे ११२ चौरस फुटांचें असतें. बाहेर शून्याखालीं १५ अंश असतां आंत १३ अंश ठेवावयाचे आहेत असें धरूं. फरक २८ अंशांचा झाला. एवढ्या फरकानें एकेरी पत्र्याच्या त्या दारांतून सुमारें १,६०० वॅट ह्या वेगानें उष्णता बाहेर जाते. आणि बाजारांतील नेहमींची शेगडी असते १,५०० वॅटांची! म्हणजे शेगडीनें दिलेली सगळी ऊब एकटें दारच बाहेर फेकून देतें. भिंती, छप्पर व फटी ह्यांचा हिशेब तर अजून मांडावयाचाच आहे. फुटक्या रांजणांत पाणी ओतणाऱ्यानें मोठी घागर आणून काय होणार? त्याच दाराला आंतून दोन इंच जाडीचे थर्मोकोलचे तक्ते बसविले तर ही गळती २०० वॅटांच्या आसपास येते.

थर्मोकोल स्वतः उष्णता निर्माण करीत नाहीं. त्यानें फक्त हवा जागच्या जागीं कोंडून धरलेली असते. धातूंतून उष्णतेचें वहन झपाट्यानें होतें, स्थिर हवेंतून अत्यंत मंदपणें. आजीनें जुन्या लुगड्यांचे थर देऊन शिवलेली गोधडी आपणांस ऊब देते ती ह्याच कारणानें. ऊब आपल्याच अंगाची असते, गोधडी तिला जाऊं देत नाहीं इतकेंच. हवा हलूं लागली मात्र कीं निराळा प्रकार होतो. तापलेली हवा हलकी होऊन वर चढते व तिच्या जागीं थंड हवा येते. ह्यास अभिसरण म्हणतात. त्यामुळें शेगडी खालीं आणि ऊब छताशीं, अशी स्थिति होते. म्हणून भिंतींच्याही आधीं छताला काचेच्या तंतूंची जाड गादी द्यावी. दाराच्या खालच्या कडेला रबराची पट्टी बसवून फट बुजवावी. आमच्या मतें ह्या सर्व प्रकरणांत इतक्या थोड्या पैशांत इतकें फळ देणारी दुसरी वस्तु नाहीं. थर्मोकोल लवकर पेटतो व त्याचा धूर विषारी असतो, हें मात्र विसरूं नये. भिंतीवर लावलेला थर्मोकोल जिप्समच्या तक्त्यांनीं झांकला पाहिजे, आणि दारासाठीं आगीस दाद न देणारें आवरण लावलेला तक्ता घेतला पाहिजे.

आतां शेगडीविषयीं. तीस डॉलरांची साधी शेगडी आणि तीनशें डॉलरांची नक्षीदार शेगडी, दोन्ही १,५०० वॅटांच्या असतील, तर दोहोंची ऊब तंतोतंत सारखीच. जेम्स जूल ह्या इंग्रज शास्त्रज्ञानें १८४० च्या सुमारास प्रयोगांनीं दाखवून दिलें कीं, तारेंतून जाणाऱ्या प्रवाहापासून किती उष्णता मिळेल ह्याचा नियम ठरलेला आहे. एक युनिट विजेची सुमारें ८६० किलोकॅलरी उष्णता होते, आणि कोणत्याही कंपनीच्या जाहिरातीनें तींत एका कॅलरीची भर पडत नाहीं. चार तासांच्या कामास सहा युनिटें लागतील, म्हणजे तिकडच्या दरानें सुमारें एक डॉलर. तेथील घरांत वीज १२० व्होल्टांची असते व सामान्य खटक्यावर १,५०० वॅटांहून अधिक भार सतत ठेवतां येत नाहीं; मोठ्या शेगडीसाठीं २४० व्होल्टांची स्वतंत्र तार ओढावी लागते. लांबवलेल्या बारीक वायरीवर शेगडी चालविणें तर उघड उघड आगीशीं खेळणें आहे, आणि लांकडाच्या भुशानें भरलेल्या खोलींत तो खेळ फार वेळ चालत नाहीं.

जो केवळ शनिवारीं काम करतो त्यानें सबंध खोलीची हवा कां तापवावी? हिंवाळ्यांत सकाळीं ऊन खात बसलेल्या मनुष्यास सभोंवारची हवा थंड असूनही ऊब वाटते, कारण सूर्याची उष्णता प्रारणानें सरळ अंगावर येऊन पोंचते. ह्याच तत्त्वावर चालणाऱ्या तांबूस प्रकाशाच्या शेगड्या मिळतात. अशी शेगडी टेबलाच्या वर, अंगावर झोत येईल अशी टांगली म्हणजे मनुष्य, लांकूड व हत्यारें तापतात, आणि रिकामा कोपरा थंड राहिला तरी कोणाचें कांहीं बिघडत नाहीं. पायांखालीं जाड रबराची चटई किंवा लांकडी फळ्या असाव्यात, कारण सिमेंटची जमीन तळव्यांवाटे ऊब शोषून घेते. मोठ्या गॅरेजांत मध्यें जाड पडदा सोडून अर्धीच जागा तापविणारे गृहस्थ आम्हांस सर्वांत शहाणे वाटतात.

घरांतील उबदार हवेची नळी गॅरेजांत आणावी, ही युक्ति प्रथम सर्वांनाच सुचते. ती फुकट दिसते, परंतु अमेरिकेंतील बांधकामाचे नियम तिला मनाई करतात, आणि तें योग्यच आहे. त्याच वाटेनें मोटारीचा धूर व पेट्रोलची वाफ शयनगृहांत शिरूं शकते.

येथें आम्ही त्या धोक्याकडे येतों. विजेपेक्षां स्वस्त म्हणून पुष्कळजण प्रोपेन वायूच्या टाकीवर लावावयाची शेगडी आणतात व दारें लावून घेतात. हिची एक खोड लहान आहे: एक किलो प्रोपेन जळला कीं त्यापासून दीड किलोहून अधिक पाणी तयार होतें. तें वाफेच्या रूपानें हवेंत मिसळतें आणि थंड लोखंडावर दंव होऊन बसतें. रंधे व पटाश्या पाहतां पाहतां गंजतात. दुसरी खोड प्राणघातक आहे. कोंडलेल्या खोलींत प्राणवायु कमी पडूं लागला म्हणजे ज्योत अर्धवट जळते व कार्बन मोनॉक्साइड नांवाचा वायु उत्पन्न होतो. त्यास रंग नाहीं, वास नाहीं, आणि तो डोळ्यांस झोंबतही नाहीं. आपल्या रक्तांतील हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षां ह्या वायूस दोनशेंहून अधिक पट घट्ट धरून ठेवतें; त्यामुळें श्वास चालू असूनही शरीरास प्राणवायु मिळेनासा होतो. आधीं डोकें दुखतें, मळमळतें, मग झोंप येऊं लागते, आणि ती झोंप येणें हेंच सर्वांत भयंकर, कारण मनुष्य उठून दार उघडण्याच्या स्थितींत राहत नाहीं.

हें वाचून कोणीं असें समजूं नये कीं ही पीडा केवळ बर्फाच्या देशांतली आहे. थंडीच्या दिवसांत कोळशाची शेगडी खोलींत घेऊन, दारेंखिडक्या घट्ट लावून निजलेलीं कुटुंबें सकाळीं उठलींच नाहींत, अशा बातम्या आपल्याकडेही वृत्तपत्रांतून येतात. बाळंतिणीच्या खाटेखालीं निखारे ठेवण्याची चाल जुनी आहे. पण पूर्वींचीं घरें कौलारू व फटींचीं, आजचीं सिमेंटचीं व बंदिस्त. निखाऱ्यावर धूर दिसत नाहीं म्हणून तो निर्धोक, ही समजूत खोटी आहे. लहानशा न्हाणीघरांत गॅसचा बंब लावून, खिडकी मिटून स्नान करणेंही तितकेंच घातक. एका खोलींतील सर्वांचीं डोकीं एकाच वेळीं दुखूं लागलीं तर पडसें समजून स्वस्थ न बसतां सर्वांनीं तत्काळ उघड्यावर जावें व वैद्यकीय मदत बोलवावी. अमेरिकेंत ह्या वायूची चाहूल लागतांच मोठ्यानें वाजणारें लहानसें यंत्र घरोघरीं लावतात. तसलें यंत्र आतां आपल्याकडेही विकत मिळतें. मोटार तर गॅरेजांत कधींही चालू ठेवूं नये, दार उघडें असलें तरीही.

जळणच वापरावयाचें असेल तर ज्या शेगडीचा धूर नळीनें बाहेर जातो व जिला जळण्यासाठीं हवाही बाहेरूनच येते, तीच घ्यावी. पेट्रोलची वाफ हवेहून जड असल्यामुळें जमिनीलगत सांचते. म्हणून गॅरेजांतील ठिणगी अथवा ज्योत असलेलें उपकरण जमिनीपासून किमान १८ इंच उंच बसविण्याचा तिकडे नियम आहे. लांकडाची लोखंडी चूल दिसण्यास रम्य व जळणही फुकटाचें, परंतु ती गॅरेजांत असल्याचें कळतांच पुष्कळ विमा कंपन्या विमा नाकारतात. ज्याला रोज काम करावयाचें आहे त्याला हीट-पंप परवडतो. हें यंत्र बाहेरच्या थंड हवेंतीलही उष्णता ओढून आंत आणतें व एका युनिटाच्या मोबदल्यांत दोन-तीन युनिटांइतकी ऊब देतें. मात्र तें बसविण्यास कित्येक हजार डॉलर लागतात, तेव्हां शनिवारच्या सुतारानें त्याच्या वाटेस जाऊं नये. सूर्याची ऊब मात्र खरोखरच फुकट आहे. मॅसॅच्युसेट्समधील एडवर्ड मोर्स ह्यांनीं १८८१ सालीं दक्षिणेच्या भिंतीवर काचेआड काळा पृष्ठभाग ठेवून हवा तापविण्याच्या युक्तीचें पेटंट घेतलें. लडाखमध्यें आज कित्येक घरें व शाळा अशाच प्रकारच्या भिंतींनीं उबदार राहतात.

हत्यारांसाठीं तर सबंध खोली रात्रभर तापविण्याचें कारणच नाहीं. त्यांचें कपाट बंद होणारें करावें आणि त्याच्या तळाशीं दहा-वीस वॅटांची तापणारी कांडी ठेवावी. लोखंड सभोंवारच्या हवेपेक्षां एक-दोन अंश जरी उबदार राहिलें, तरी त्यावर दंव धरत नाहीं. गोंद व रंग ह्यांच्या बाटल्या एका खोक्यांत घालून काम संपतांच घरांत न्याव्यात.