आधी डोळा, मग हसू
(लेखमाला : कवटीच्या तळाशी – लेखांक ६)

१८९४ साली लंडनमध्ये चार्ल्स बॅलन्स या शल्यविशारदाने एका स्त्रीच्या मेंदूच्या खोडालगतची गाठ काढली. शस्त्रक्रियेचा सूक्ष्मदर्शक नव्हता, प्रतिजैविके नव्हती. गाठ सोडवण्यासाठी त्याला खोड आणि गाठ यांच्यामध्ये बोट घालावे लागले. बाई वाचली, पुढे अनेक वर्षे जगली. अकूस्टिक न्यूरोमाची पहिली यशस्वी शस्त्रक्रिया म्हणून तिची नोंद होते. ती गाठ नेमकी याच जातीची होती का, यावर नंतर वाद झाला, तो सोडून देऊ. मात्र त्या बाजूचा चेहरा हलेनासा झाला, तिथली संवेदना गेली, आणि अखेर त्या बाजूचा डोळा काढून टाकावा लागला.

गाठ कानामागे असताना डोळा का गेला? या गाठीची शस्त्रक्रिया झालेल्या प्रत्येकाने आणि त्याच्या घरच्यांनी हे समजून घ्यावे, असे मला कळकळीने वाटते.

अकूस्टिक न्यूरोमा कर्करोग नव्हे, हे आपण मागे पाहिले. मेंदूतून थेट निघणाऱ्या नसांच्या १२ जोड्यांपैकी आठव्या नसेवर, तिच्या तोल सांभाळणाऱ्या भागावर, ती सावकाश वाढते. चेहरा हलवणारी सातवी नस आठवीच्या सोबतीने हाडाच्या एकाच बोगद्यातून जाते. गाठ बोगद्याबाहेर येऊन मोठी झाली की तिच्या वरच्या अंगाला असलेल्या पाचव्या नसेवरही दाब येतो. चेहऱ्याला झालेला स्पर्श, तिथली वेदना, थंड-गरम हे सारे मेंदूपर्यंत नेणारी नस ती हीच. ही विभागणी वैद्यांनाही उशिरा कळली. १८२०च्या दशकात चार्ल्स बेल आणि हर्बर्ट मेयो यांनी ती उलगडली. त्याआधी चेहऱ्याच्या असह्य कळांवर उपाय म्हणून सातवी नस कापली जाई. तोंड वाकडे होई आणि कळा तशाच राहत.

म्हणून शस्त्रक्रियेनंतर ‘अर्धा चेहरा गेला’ असे कोणी म्हणाले, तर आधी विचारावे : हलत नाही, की कळत नाही?

कळत नसेल, तर पाचवी नस. दाढ काढताना इंजेक्शन दिल्यावर ओठ जाड वाटतो, ते याच नसेच्या एका शाखेचे बधिर होणे. इथे तो अनुभव तासा-दोन तासांत जात नाही. वाफाळता चहा ओठ भाजतो आणि ते कळत नाही. गालाची आतली बाजू दाताखाली येते. दाढी करताना कापलेले आरशात पाहिल्यावर समजते. नस नुसती दाबली गेली असेल, तर दाब हटल्यावर संवेदना बहुधा काही आठवड्यांत किंवा महिन्यांत परतू लागते. आधी मुंग्या येतात, कधी साधा स्पर्शही नकोसा वाटतो. नस तुटेस्तोवर ताणली गेली असेल, तर काही भाग कायम बधिर राहतो. फक्त टाक्यांभोवती आणि कानामागे बधिरपणा असेल, तर तो कातडीखालच्या बारीक नसा चिरेत कापल्यामुळे आलेला असतो. त्याची काळजी नको.

हलत नसेल, तर सातवी नस. १९६०च्या दशकात अमेरिकेत विल्यम हाउस यांनी या शस्त्रक्रियेत सूक्ष्मदर्शक आणल्यापासून ही नस अखंड राखणे पुष्कळदा जमते. पण अखंड नस लगेच काम करेलच असे नाही. काही जण शुद्धीवर येतात तेव्हा चेहरा सरळ असतो आणि काही दिवसांनी वाकडा होतो. घरचे हादरतात, परंतु असा उशिरा आलेला लुळेपणा बहुतेकदा चांगला भरून निघतो. नसेचे आतले धागे मेले असतील, तर ते मुळापासून नव्याने वाढतात, दिवसाला सुमारे १ मिलिमीटर. मेंदूच्या खोडापासून गालापर्यंतचे अंतर पाहता कित्येक महिने काहीच दिसत नाही, यात नवल नाही. पहिली खूण हालचालीची नसतेच; लोंबलेला गाल किंचित सावरलेला दिसतो. कपाळ सर्वांत शेवटी हलते, कधी हलतही नाही. मार्क रफलो या अमेरिकी नटाने आपल्या अशाच शस्त्रक्रियेबद्दल जाहीरपणे सांगितले आहे : अर्धा चेहरा कित्येक महिने निश्चल होता, तो परत आला; डाव्या कानाचे ऐकणे मात्र गेले ते गेलेच.

या महिन्यांत आपल्याकडे दोन उपाय हमखास सुचवले जातात : फुगे फुगवा आणि करंट लावा. मी दोन्हींच्या विरोधात आहे. नवे धागे वाढताना वाट चुकतात. ओठांकडे जायचे ते पापणीकडे जातात, मग हसताना डोळा मिटतो. जोर लावून सगळा चेहरा एकदम ताणल्याने ही गुंतागुंत पक्की होण्याची भीती असते. करंटने नस लवकर वाढते याचा भक्कम पुरावा नाही. चेहऱ्याच्या स्नायूंचे खास प्रशिक्षण घेतलेल्या फिजिओथेरपिस्टकडे आरशासमोर लहान, सावकाश, दोन्ही बाजू सारख्या ठेवून केलेल्या हालचाली शिकाव्यात. नस कापली गेली असेल, तर मात्र वाट पाहण्यात अर्थ नाही. ती जोडणे किंवा जिभेच्या नसेचा आधार देणे, हे लवकर ठरवावे लागते. नस अखंड असूनही वर्षभरात काहीच हलले नाही, तरी तोच विचार करावा. दीड-दोन वर्षे संदेश न मिळालेले स्नायू नंतर साथ देत नाहीत.

आता डोळा. बुबुळावर धूळ पडली की पाचवी नस सांगते आणि सातवी पापणी मिटवते. सातवीच्या सोबतीने जाणारे धागे अश्रूही आणतात. शिवाय पाचवी शाबूत असेल तरच बुबुळाच्या पारदर्शक पडद्यावरची जखम नीट भरते. दोन्ही नसा एकदम दुबळ्या झाल्या, तर डोळा उघडा राहतो, कोरडा पडतो, ओरखडा उमटतो, आणि दुखत काहीच नाही. बॅलन्सच्या रुग्णाच्या दोन्ही नसा गेल्या होत्या. चेहऱ्याचा लुळेपणा मोजणाऱ्या, १९८५ साली ठरलेल्या हाउस-ब्रॅकमन मोजपट्टीच्या सहा पायऱ्यांमध्येही तिसरी आणि चौथी यांना वेगळे करणारी मोठी खूण हीच : जोर लावल्यावर डोळा पूर्ण मिटतो की नाही.

म्हणून घरी पोहोचल्या दिवसापासून डोळ्याचा नेम ठेवावा. दिवसा शक्यतो प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले कृत्रिम अश्रूंचे थेंब, रात्री मलम, आणि पापणी नीट मिटवून मगच चिकटपट्टी. पट्टी उघड्या बुबुळाला घासली तर तीच जखम करते. तोंडावर पंख्याचा झोत नको. दुचाकीवर मागे बसायचे असले, तरी बाजू बंद असलेला चष्मा हवा. पापणी बरेच दिवस मिटणार नसेल, तर तिच्यात सोन्याचे किंवा प्लॅटिनमचे छोटे वजन बसवतात, किंवा पापण्यांच्या कडा थोड्या शिवून घेतात. हे टाके पुढे सोडवता येतात. चेहरा विद्रूप दिसेल म्हणून बरेच जण त्याला नकार देतात. मला त्यांना विनवायचे आहे की हो म्हणा. हसू वर्षभराने येईल, काही वेळा शस्त्रक्रियेनेही आणता येईल, पण बुबुळावर पडलेला व्रण इतक्या सहजी पुसता येत नाही.

रोज सकाळी उजेडात घरातल्या कोणीतरी तो डोळा पाहावा. लाली वाढली, पांढरा ठिपका दिसला, नजर धूसर झाली, तर दुखत नाही म्हणून थांबू नका. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जा आणि या डोळ्याला संवेदना नाही, हे त्यांना आधी सांगा.

(पुढील लेखांकात : एका कानाने ऐकताना)