क्रमिक दृश्यदुव्यावरील चित्राची लुकलुक : दोषशोधनाची रीत

पडद्यावरील चित्र लुकलुकू लागले की प्रथम जोडतार बदलून पाहण्याकडे प्रयोगशाळेत सर्वसाधारणपणे कल असतो. आणि त्यानंतर चित्र स्थिर झाले तर दोष तारेतच होता, असे मानले जाते. हा निष्कर्ष नेहमीच खरा ठरत नाही. ज्या दुव्याची सहनमर्यादा मुळातच तोकडी आहे, तो आखूड तारेने काही काळ सावरतो व तापमान वाढताच पुन्हा ढळतो. वाहनाच्या मागील कॅमेऱ्याचे चित्र अशा दुव्यावरून येत असेल, तर ही चूक केवळ गैरसोयीची राहत नाही.

प्रथम दुव्याचे कार्य पाहू. १९९६ साली प्रचारात आलेल्या एफपीडी-लिंक पद्धतीत रंगाचे २४ बिट व समकालनाचे ३ संकेत चार तारजोड्यांवर विभागले जातात. पाचवी जोडी कालस्पंद वाहते. एका पिक्सेलच्या अवधीत प्रत्येक जोडीवर ७ बिट एकामागून एक जातात. १२८० × ७२० पिक्सेलांचे चित्र सेकंदास ६० वेळा दाखविताना, रिक्त अवधी धरून, १६५० × ७५० स्थाने मोजावी लागतात. म्हणजे पिक्सेल-वारंवारता ७४.२५ मेगाहर्ट्झ, प्रत्येक जोडीवरील वेग सेकंदास ५१९.७५ मेगाबिट, आणि एका बिटाच्या वाट्यास केवळ १.९२ नॅनोसेकंद येतात. ग्राहकमंडलातील कलाबद्ध वलय आलेल्या कालस्पंदावरून प्रत्येक बिट वाचण्याचा क्षण ठरविते. हा क्षण चुकला की बिट चुकतो.

आता लक्षणांचा विचार करू. रंगाचा एखादा बिट चुकल्यास एका चौकटीपुरता एकच ठिपका चमकतो. समकालनाचा बिट चुकल्यास एखादी ओळ किंवा सबंध चौकट सरकते. वलयाची कलाबद्धता सुटल्यास मात्र ती पुन्हा जुळेपर्यंत चित्र मावळते अथवा उसळते. उलटपक्षी, रंग सदैव चुकीचे परंतु चित्र स्थिर असेल, तर प्रेषक व ग्राहक यांची बिटांची मांडणी भिन्न असण्याचा संभव अधिक. त्यास लुकलुक म्हणता येणार नाही.

दोषस्थान शोधताना पडद्याकडून उगमाकडे जावे. नव्या पिढीच्या अनेक ग्राहकमंडलांत स्वतःचे परीक्षाचित्र निर्माण करण्याची सोय असते. तेही लुकलुकले, तर दोष पडद्यात, पार्श्वदीपात अथवा ग्राहकाच्या वीजपुरवठ्यात आहे. ते स्थिर राहिले, तर प्रेषकमंडलाचे परीक्षाचित्र पाठवावे. येथे लुकलुक दिसल्यास प्रेषक, तार व ग्राहकाचा प्रवेशभाग यांवर संशय घ्यावा. तेही स्थिर असेल, तर मूळ चित्रस्रोत व त्याचा कालस्पंद तपासावा.

संशय दुव्यावर आला, तर दोलनदर्शकाच्या एका मार्गावर कलाबद्धतेचा निदर्शक संकेत व दुसऱ्यावर पुरवठा-व्होल्टता एकत्र पाहावी. पुरवठ्यातील खळग्याबरोबर कलाबद्धता सुटत असल्यास तार बदलणे व्यर्थ होय. पुरवठा शांत असल्यास संरोध तपासावा. १०० ओहमांच्या रोधकाने संपणाऱ्या तारजोडीचा संरोध ८० ओहम असेल, तर व्होल्टतेचा सुमारे नववा भाग परावर्तित होतो आणि पुढील बिटांत मिसळतो.

अखेरीस दुरुस्तीची परीक्षा. वरील उदाहरणात चारही जोड्यांवर मिळून सेकंदास सुमारे २०८ कोटी बिट जातात. दर एक लक्ष कोटी बिटांत एक चूक होत असेल, तर दोन चुकांमध्ये सरासरी आठ मिनिटे जातील. चुकांचे प्रमाण याहून कमी आहे असे शेकडा ९५ खात्रीने म्हणावयाचे, तर सुमारे २४ मिनिटांत एकही चूक आढळता कामा नये. आणि हे मोजणीही चूकगणकाने, कार्यकालातील कमाल तापमानावर झाली पाहिजे. पाच मिनिटे पडद्याकडे पाहून समाधान मानणे म्हणजे परीक्षा नव्हे.