देवाला मानणं आणि देवाचं ऐकणं

आजचा विषय कागदावर जड दिसतो: ईश्वराविषयी आदर आणि त्याच्या आज्ञापालनाचे फळ. सोप्या भाषेत प्रश्न असा आहे, की देवाला मानलं आणि त्याचं ऐकलं, तर आपल्या पदरात काय पडतं?

या प्रश्नात दोन क्रियापदं आहेत, मानणं आणि ऐकणं. आपण बहुतेक वेळा पहिल्यावरच थांबतो. आपल्या भागात मानणं काही कमी नाही. चैत्रात चंद्रपूरला महाकालीची यात्रा भरते, तेव्हा मराठवाड्यातून, तेलंगणातून माणसं येतात. महाशिवरात्रीला वैनगंगेच्या काठी मार्कंड्याला पाय ठेवायला जागा नसते. ही श्रद्धा खरी आहे, तिला कोणी हसू नये. पण यात्रेहून घरी आल्यावर आपण देवाचं किती ऐकतो, हे ज्यानं त्यानं मनाला विचारावं.

नवस आणि आज्ञा यांत फरक आहे. नवसात अट आपली असते: तू माझं काम कर, मी तुला नारळ देतो. आज्ञेत अट देवाची असते: खोटं बोलू नको, दुसऱ्याचं ओरबाडू नको, दुबळ्याला सांभाळ. नवस सोपा वाटतो, कारण तो एक दिवसाचा असतो. आज्ञा रोजची असते.

गुंफेतून गावाकडे

राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं उदाहरण घेऊ. जन्म 1909 चा, अमरावती जिल्ह्यातल्या यावलीचा. लहान वयातच ते देवाच्या ओढीनं जंगलात फिरले. आपल्या चिमूर तालुक्यातली गोंदेडा ही त्यांची तपोभूमी. आता बघा, जो पोरगा देवासाठी गुंफेत बसला, तो बाहेर येऊन काय करायला लागला? खंजिरी घेऊन गावोगाव फिरला आणि लोकांच्या हाती झाडू दिला. 1935 मध्ये मोझरीला गुरुकुंज उभं केलं. पुढे ग्रामगीता लिहिली. तिचे 41 अध्याय आहेत, आणि पहिल्याच अध्यायाचं नाव आहे ‘देवदर्शन’. पण त्या दर्शनानंतर ग्रंथ कुठे जातो? गावाच्या स्वच्छतेकडे, आरोग्याकडे, रक्षणाकडे, श्रमाकडे. सारांश असा, की गाव हेच देवाचं रूप आहे आणि त्याची सेवा हीच पूजा.

मग या सेवेचं फळ त्यांना काय मिळालं? 16 ऑगस्ट 1942 ला चिमूर पेटलं. स्वातंत्र्यासाठी इथल्या माणसांनी जीव दिला. त्याच महिन्यात महाराजांना चंद्रपुरात अटक झाली, आणि नागपूर-रायपूरचा तुरुंग वाट्याला आला. म्हणजे आज्ञा पाळली की लगेच सुख मिळतं, असा हिशेब कोणी मांडू नये. तुरुंगानं त्यांचं काम मात्र थांबलं नाही. आजही आपल्या कितीतरी गावांत संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना होते. तिथे जात विचारत नाहीत. गरीब-श्रीमंत एकाच सतरंजीवर बसतात. मी याला आशीर्वाद म्हणतो.

जंगलातली आज्ञा

आपल्या गोंड-माडिया बांधवांकडे हीच गोष्ट वेगळ्या रूपात आहे. त्यांच्याकडे पंडुम असतो. नवं फळ, नवं धान्य आलं, की पंडुम झाल्याशिवाय ते खायचं नाही. आधी देवाला, पूर्वजांना, मग आपल्याला. बाहेरच्याला वाटतं, हा नुसता विधी. पण जरा विचार करा. सगळ्या गावानं एका दिवसापर्यंत हात आवरला, तर फळ झाडावर पिकतं, बी तयार होतं, आणि जो धावू शकत नाही त्या म्हाताऱ्याच्या वाट्यालाही काही येतं. देवाचा मान राखला आणि झाडही राखलं गेलं. इथे फळ म्हणजे खरोखरचं फळ!

आता मोहाचं घ्या. मार्च-एप्रिलमध्ये फुलं पडतात. वेचायला सोपं जावं म्हणून काही जण झाडाखालचा पालापाचोळा पेटवतात. ती आग पसरते, रोपं जळतात, पाखरांची घरटी जळतात. झाडाखाली झाडू मारायला अर्धा तास जास्त लागतो. ज्या झाडाला आपण पूजतो, त्याच्या बुडाशी आग लावायची नाही, एवढी आज्ञा पाळली तरी पुष्कळ झालं.

धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) तुम्हाला माहीत आहे. त्या गावानं स्वतःवर नियम घालून घेतले. निर्णय बहुमतानं करायचा नाही, सगळ्यांच्या संमतीनं करायचा. जंगल वापरायचं, पण ओरबाडायचं नाही. 2009 मध्ये त्या गावाला सामूहिक वनहक्क मिळाला, सुमारे 1800 हेक्टर जंगलावर. 2011 मध्ये बांबू वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. हे कायद्यानं मिळालं, संघर्षानं मिळालं, हे खरंच. पण ज्या गावाला आधी स्वतःचा नियम पाळायची सवय नाही, त्याला मिळालेला हक्कही टिकवता येत नाही.

दारूचंही तसंच. गडचिरोलीत 1993 मध्ये दारूबंदी झाली, ती बायांच्या आणि गावांच्या रेट्यामुळे. चंद्रपुरात 2015 मध्ये झाली आणि 2021 मध्ये उठली. सरकारची बंदी येते आणि जाते. घरातल्या माणसानं देवाला स्मरून सोडलेली दारू मात्र कोणत्याही आदेशानं परत सुरू होत नाही. आणि तिचं फळ स्वर्गात नाही, त्याच संध्याकाळी चुलीवर दिसतं.

चिठ्ठीतला प्रश्न

मागून एक चिठ्ठी आली आहे. लिहिलंय, “माणूस देवभोळा होता, कोणाचं वाईट केलं नाही, तरी वाघानं नेलं. मग आशीर्वाद कुठे गेला?”

हा प्रश्न टाळून पुढे जाता येणार नाही. ताडोबाचं नाव ज्या तारू देवावरून पडलं, असं सांगतात, तो गावचा प्रमुखही वाघाशी झुंजतानाच गेला, अशी कथा आहे. लोकांनी त्याचं ठाणं मांडलं. त्याची भक्ती कमी पडली असं कोणी म्हटलं नाही. आपणही म्हणू नये. ज्या घरात माणूस गेला, त्या घरी जाऊन “काहीतरी पाप असेल” असं बोलणं, हीच मोठी आज्ञाभंगाची गोष्ट आहे.

देवभक्ती म्हणजे विमा नाही. मोह वेचायला पहाटे एकट्यानं जाऊ नये, चारचौघं मिळून जावं, बोलत राहावं. वाकलेला माणूस वाघाला माणूस वाटत नाही. ही अक्कलही देवानंच दिली आहे, ती वापरणं हेही त्याचं ऐकणंच. आणि एवढं करूनही घात झाला, तर आशीर्वाद शेजाऱ्यांच्या पायांनी चालत त्या घरी गेला पाहिजे. कोणी डबा न्यावा, कोणी भरपाईचा अर्ज भरून द्यावा, कोणी तिचं धान कापून द्यावं, कोणी पोरांच्या शाळेकडे बघावं. ज्या गावात हे होतं, तिथे देवाची आज्ञा जिवंत आहे. जिथे होत नाही, तिथे देवळाला कितीही मोठा कळस चढवा, काही उपयोग नाही.

म्हणून घरी जाताना एकच आज्ञा निवडा. दहा नको, एकच. माप खरं ठेवीन, झाडाखाली आग लावणार नाही, दारूला शिवणार नाही, की एकट्या पडलेल्या घराची रोज विचारपूस करीन, जी जमेल ती. देवापुढे उभं राहून ती मनात म्हणा आणि वर्षभर पाळा. काय मिळालं, ते तुमच्या घरच्यांना विचारा. ते बरोबर सांगतील.

जय गुरुदेव.